अंगात आलेलं

नीलाने आरतीचं ताट शेजारच्या बाईच्या हातात जवळजवळ कोंबलं आणि ती मागे सरकायला लागली. पण मागे जागाच नव्हती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये देवी बसवली होती, चार खांबांच्या मध्ये सगळी बिल्डिंग दाटीवाटीने उभी होती, आणि गेटाजवळची मीटरच्या पेटीशेजारची तिची नेहमीची जागा आज ढोलवाल्यांनी घेतली होती. पहिल्या दोन माळांना ती तिथेच उभी राहिली होती, एक पाय बाहेर ठेवल्यासारखी. आज सोसायटीचे अध्यक्ष भाऊ स्वतः तिला बोलवायला आले.

“नीलाताई, तुम्ही आपल्या कायम मागे. आज पुढे या. ताट धरा.”

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत ताट हातात आलं होतं. विधवा बाईच्या हातात आरतीचं ताट, म्हणून दोन-तीन भुवया वर गेल्या. पण भाऊंना भुवया दिसत नसत, त्यांना फक्त पार्किंगचे वाद दिसत.

ढोल, झांजा, कापूर, कुणाच्या तरी केसांतला कोमेजलेला गजरा. आधी नीलाच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांना. मग श्वास आत जातोय, पण खालपर्यंत पोचत नाही, घशातूनच परत फिरतोय, असं वाटायला लागलं. आता मी मरणार. हा विचार तिला गेल्या दोन वर्षांत कितीदा आला असेल याची गणती नव्हती, आणि दर वेळी तो नवाकोरा असायचा. अनुभवाने माणूस शहाणा होतो म्हणतात. या बाबतीत तरी ते खरं नाही.

तिने खांब धरायला हात वर केला. हात थरथरत होता. कुणाच्या तरी कोपराने तिच्या केसांची क्लिप उडाली आणि केस पाठीवर मोकळे झाले. तिला “बाजूला व्हा” म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसता श्वासाचा घोगरा, घुमल्यासारखा आवाज निघाला.

“अंगात आलं!” कुणीतरी ओरडलं. “अगं बाई, नीलाताईंच्या अंगात आलं!”

ढोलवाल्याने आणखी जोरात हात मारला. आणि तिला इतका वेळ जे मागता येत नव्हतं ते त्या एका शब्दाने मिळालं. माणसं भराभर मागे सरली. मध्ये मोठं रिंगण झालं. गेटातून वारा आत आला आणि तिच्या घामावर लागला. एकीने ओंजळभर कुंकू तिच्या कपाळाला फासलं. दुसरी पायांवर पाणी ओतत होती.

दुसऱ्या मजल्यावरची रीमा पुढे येऊन तिच्या पायाशी बसली. तिच्या सासूबाईंना, जानकीबाईंना, महिनाभर जिना चढताना दम लागत होता. पुढच्या सोमवारी ठाण्याला नेऊन त्यांची अँजिओग्राफी करायची होती.

“आई, माझ्या सासूबाई बऱ्या होतील ना? तेवढं सांग.”

नेमकं त्याच वेळी डावीकडून कुणीतरी विचारलं, “पाणी हवंय का?”

नीलाने मान हलवली. दोनदा, जोरात. रीमाने डोळे मिटून जमिनीला डोकं टेकवलं.

तेवढ्यात नीलाच्या पाठीमागून दोन रुंद, खरखरीत हात आले आणि त्यांनी तिला कमरेशी घट्ट धरलं. पहिल्या मजल्यावरच्या रंगूबाईचे हात होते ते. रंगूबाईची शेतं वज्रेश्वरीच्या वाटेवर होती. आता तिथे गोदामं उभी होती, मुलगा विशाल त्यांची भाडी आणि स्वतःचे चार ट्रक बघत होता, आणि आई त्याच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होती. गावात रंगूबाईच्या अंगात देवी यायची. दर नवरात्रात, न चुकता. सोसायटीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि पहिल्या माळेपासून लोक चोरून तिच्याकडेच बघत होते. वाट एकीची बघितली आणि आली दुसरीच्या अंगात.

बाकीच्या बाया “आई, बोल, आई, बोल” करत होत्या. रंगूबाई फक्त कानाशी लागून बोलली.

“घाबरू नको पोरी. जातं. आपलं आपण जातं ते.”

आणि खरंच, थोड्या वेळाने गेलं.

*

वर आल्यावर नीला आरशासमोर उभी राहिली. कपाळभर कुंकू होतं, भुवयांत, नाकाच्या शेंड्यावर, थोडं केसांतही. नवरा, सुधीर, गेल्यापासून, तीन वर्षांत, तिच्या कपाळाला कुणी कुंकू लावलं नव्हतं. हळदीकुंकवाला बायका तिच्याशी छान बोलत, तिळगूळ देत, आणि करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळत. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. रीत म्हणून सगळं होत होतं आणि रीत म्हणूनच मनाला लागतही होतं. तिने तोंड धुतलं नाही. तशीच स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला.

सुधीर रिक्षातच गेला होता. कशेळीच्या पुलाअलीकडे रिक्षा अडकली, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. छातीत भरून आलंय म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, गॅस असेल. नीलानेही, असेल, म्हटलं. घरून निघताना तिने त्याला ओवा चावायला दिला होता. तो त्याने भलत्या विश्वासाने चावला, आणि पुलावर हॉर्न वाजत असताना तिच्या खांद्यावर डोकं टाकलं. तिने किती जणांना हाका मारल्या. सगळे तिच्यासारखेच अडकलेले होते.

हे झटके त्यानंतर वर्षभराने सुरू झाले. कॉलेजच्या ऑफिसात फीच्या रांगेसमोर, रिक्षात, एकदा तर नुसती भाजी निवडताना. ठाण्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ होता. “तुमचं हृदय उत्तम आहे. हा पॅनिक अटॅक. भीती आहे ही,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचं नाव दिलं. तिने मान डोलावली. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे ती दर महिन्याला एकटीच जात होती आणि त्याचा उपयोगही होत होता, थोडाथोडा. पण कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्याला मुलगा आल्हाद फोनवर विचारायचा, “आई, आवाज असा का?” ती म्हणायची, “पित्त झालंय रे.” पित्त म्हटलं की मराठी माणसाचं समाधान होतं. चोपन्न वर्षांच्या बाईला भीती वाटते म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, कशाची? आणि त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. गॅसवाला असेल म्हणून तिने रिकामा सिलेंडर सरकवत दार उघडलं, तर समोर तळमजल्यावरच्या दोघी, खण-नारळ घेऊन. त्यांच्यामागे संध्याकाळी तिघी. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कुणाचा नवरा नोकरी सोडायचं म्हणत होता. “आत्ता काही नाही येत हो अंगात,” नीला म्हणायची. त्या म्हणायच्या, “नसू दे, नुसतं बसतो.” मग बसायच्या. चहा व्हायचा. पोरं दिवाणावर उड्या मारायची. एकीने जाताना ओट्यावरची भांडीसुद्धा विसळून ठेवली.

हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही, असं नीलाने ठरवलं. मौनं सर्वार्थसाधनम्. संस्कृतातलं काही अडीअडचणीला कामाला येतं ते असं. ऑफिसातून येताना ती निजामपुऱ्यातून जास्तीची बिस्किटं आणि चहापत्ती घेऊन येऊ लागली. रिक्षा यंत्रमागांच्या शेडांमधून, खडखडाटातून जात असायची आणि तिच्या लक्षात यायचं, की आज आपण बाहेरच्या बाजूला बसायचा हट्ट केला नाही. त्या दिवसांत तिला एकही झटका आला नाही. आपण लबाडी करतोय हे तिला कळत होतं. पण बेल वाजली की पाय आपोआप दाराकडे धावत, आणि त्या पायांना कोण काय सांगणार?

एकच गोष्ट तिला समजत नव्हती. देवीला कुणी “घाबरू नको” म्हणतं का?

*

पाचव्या माळेला रीमा वाटीभर शिरा घेऊन आली. चेहरा उजळलेला होता.

“काकू, आधी तोंड गोड करा. सासूबाई एकदम बऱ्या आहेत. काल दोन जिने चढल्या. मध्ये थांबल्यासुद्धा नाहीत.”

“अरे वा,” नीला म्हणाली. तिला मनापासून बरं वाटलं.

“मग आम्ही ती सोमवारची तपासणी रद्द केली.”

नीलाच्या हातातला चमचा वाटीतच राहिला.

“डॉक्टरांना विचारलंत का?”

“डॉक्टर काय, करा म्हणणारच. त्यांची दुकानं चालायला नकोत का? सासूबाईच म्हणाल्या, देवीने मान हलवली, आता कशाला नळ्या घालून घ्यायच्या. गॅसच असणार तो.”

गॅस. नीलाने वाटी खाली ठेवली.

“रीमा, ऐक माझं. तपासणी करून घ्या. नाही काही निघालं तर बरंच आहे. पण करा.”

रीमा हसली. लहान मुलाची समजूत घालावी तशी तिने नीलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“काकू, हे तुम्ही बोलताय. त्या दिवशी बोलली ती वेगळी होती.”

नीला म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची, कॉलेजात कारकुनी करणारी, हळवी, विधवा बाई. तिचं कोण ऐकणार? देवीचं ऐकत होते, आणि देवीने होकार दिला होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, पण कावळ्याला आता फांदी जोडून देता येत नव्हती.

रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. आणि मग तिला एक युक्ती सुचली. युक्ती चांगली होती, यात शंका नाही. पुन्हा अंगात आणायचं. केस मोकळे सोडायचे, घुमायचं, आणि जानकीबाईंकडे बोट दाखवून सांगायचं, तपासणी कर. म्हातारी निमूट ठाण्याला जाईल. कुणाचं काही बिघडणार नाही. आणि बेलही वाजत राहील. हा शेवटचा फायदा तिने मनाशी सगळ्यांत हळू उच्चारला.

*

सातव्या माळेला तिने क्लिप मुद्दाम सैल लावली. बायकांनी तिला आपण होऊन पुढे उभं केलं. जानकीबाईंना खाली आणून खुर्चीवर बसवलं होतं. गोऱ्या, लठ्ठशा, हसऱ्या बाई. आरती ऐकता ऐकता त्या उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबत होत्या आणि कुणी बघितलं की हात खाली घेत होत्या. सुधीरनेही रिक्षात असंच केलं होतं. त्यानेही तो हात खाली घेतला होता, ती बघतेय म्हणून.

ढोल चढला. कापूर पेटला. बायकांचे डोळे तिच्यावर लागले. नीलाने क्लिप काढली. श्वास जोरात घेतला, पुन्हा घेतला. काही नाही. बोटांना मुंग्या नाहीत, ओठ जागेवर, छातीत शांत ठोके. जे दोन वर्षं न बोलावता दारात येऊन उभं राहायचं, ते आज बोलावल्यावर फिरकायला तयार नव्हतं. तिने दोन्ही हात वर केले आणि ते तसेच राहिले. नाटकात वाक्य विसरलेल्या नटासारखी ती उभी होती. रीमाने पुढे होऊन पदर पसरला.

करायचं म्हटलं असतं तर करता आलं असतं. घुमायला असं काय लागतं? पण पसरलेल्या पदराकडे बघताना तिच्या मनात आलं, आज हिचं काम होईल, उद्या तो नोकरी सोडणारा येईल, परवा आणखी कुणी मूठ छातीवर दाबत येईल, आणि मी दर वेळी मान हलवत राहीन.

तिने हात खाली घेतले.

“ढोल थांबवा,” ती म्हणाली.

ढोल थांबला. देवीचा हुकूम समजून थांबला.

“माझ्या अंगात देवी आली नव्हती.” आवाज चिरका निघाला. ती पुन्हा म्हणाली, “त्या दिवशी देवी नव्हती. मला आजार आहे. पॅनिक अटॅक येतात. गर्दीत जीव घुसमटतो, हातपाय कापतात, मरणार असं वाटतं. ठाण्याला औषध चालू आहे. दोन वर्षं झाली. मी कुणाला बोलले नाही.”

भाऊंनी घसा खाकरला. “ताई, तुम्ही बसा बरं. दमला असाल.”

“जानकीबाईंना तपासायला न्या. सोमवारीच न्या. माझ्या मिस्टरांच्या दुखण्यालाही आम्ही गॅस म्हणत होतो.”

रीमाचा पदर अजून तसाच पसरलेला होता. तिने तो हळूहळू गोळा केला.

“मग मान का हलवलीत?” तिने विचारलं.

“मला पाणी हवं होतं.”

रीमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. “देवीच्या नावावर चेष्टा,” मागून एक बाई बोलली, फार मोठ्याने नाही. “ओट्या घेतल्या की सगळ्यांच्या,” दुसरी म्हणाली. जानकीबाईंचा मुलगा येऊन त्यांना धरून जिन्याकडे घेऊन गेला. जानकीबाई दोनदा वळून नीलाकडे बघत गेल्या. मग भाऊंनी हातानेच खूण केली, ढोल पुन्हा सुरू झाला आणि आरती पुढे चालू झाली. आरतीनंतर करंडा फिरला. नीलापाशी आल्यावर तो सवयीने पुढे गेला. कुणी ठरवून केलं नाही.

गर्दी फुटायच्या आधीच खांबाशी उभी असलेली रंगूबाई निघून गेली होती. जाताना तिने देवीला नमस्कारही केला नव्हता.

*

सोमवारी सकाळी नीला खिडकीत उभी होती. खाली रंगूबाईच्या विशालची गाडी आली. जानकीबाईंना पुढच्या सीटवर बसवलं, रीमा फाईल घेऊन मागे बसली. नीलाने सुस्कारा सोडला. रीमाने वर बघितलं नाही.

मग बेल वाजली नाही. दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन फक्त भाऊ आले, दारातूनच “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा” म्हणून गेले. जानकीबाईंचं काय झालं हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायला जायचा धीर तिला झाला नाही. जिन्यात बायका तिला वाट देत, जरा जास्तच देत. खणांचा ढीग कपाटावर पडून होता. परत करायचे तर कुणाचा कुठला हेही आठवत नव्हतं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात. तिला तसलं काही वाटलं नाही. तिला फक्त फार एकटं वाटलं, पूर्वीपेक्षा जास्त, कारण आता बेल वाजली की कसं वाटतं हे ठाऊक झालं होतं.

शुक्रवारी तिने रजा टाकली. शुक्रवारी मागांना सुट्टी. बिल्डिंगमागच्या शेडांतला खडखडाट बंद होता आणि घरातला पंखासुद्धा ऐकू येत होता. दुपारी भांडी लावताना तिच्या बोटांना मुंग्या आल्या. ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडत राहिली, आणि ते आपल्या गतीने येऊन गेलं. ती उठून तोंड धूत होती तेव्हा बेल वाजली.

दारात रंगूबाई होती. न विचारता आत आली, दिवाणावर बसली, गुडघे चोळले.

“जानकीबाईला ठेवून घेतलंय,” ती म्हणाली. “दोन नळ्या बंद व्हत्या. स्प्रिंगा टाकल्या काल. विशाल बोलला, डॉक्टर सांगत व्हता, आठ दिस गेले आसते तर बाई हाताला लागली नसती.”

नीला मटकन खुर्चीत बसली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. रंगूबाईने तिला रडू दिलं.

“चहा टाकते,” मग नीला म्हणाली.

“टाक. पण आदी मला सांग. तू त्या दिशी बोललीस ते काय? तुझ्या आजाराचं नाव?”

“पॅनिक अटॅक.”

“म्हंजे काय?”

“भीती.”

“कशाची?”

“कशाचीच नाही. नुसतीच. उगाचच येते.”

रंगूबाईने फरशीकडे बघत विचारलं, “आदी बोटांना मुंग्या येतात?”

“हो.”

“मंग ओठाला?”

“हो.”

“आन छातीत कोनी बसल्यावानी. आन वाटतं, आता काय मी उठत न्हाय.”

नीला चहा टाकायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

“नवी नवरी व्हते मी,” रंगूबाई म्हणाली. “चुलीपुढं बसले व्हते. हातपाय कापाया लागले, दम लागला. वाटलं मेले. सासू बोंबलली, देवी आली. सगळा पाडा गोळा झाला. मला कुंकू लावलं आन माझ्या पाया पडले. माझा नवरा बी पडला. रोज मारायचा तो मला. त्या दिसापास्नं हात उगारला न्हाय त्यानं. मंग मी कशाला बोलते? तो मेला तरी माझं कुंकू कोनी पुसलं न्हाय. देवीचं कुंकू, म्हनले.”

“आणि दर नवरात्रात—”

“ढोल वाजला का यायचं. आता ह्या वर्षी हितं बी येल आसं भ्या वाटलं, म्हनून मी खांब धरून उभी व्हते.” तिने पुन्हा गुडघे चोळले. “देवी हाय, बाय. ती न्हाय आसं मी बोलत न्हाय. पन माझ्या अंगात ती कवा आली आन मी नुसती घाबरले कवा, ते मला आजून समजलं न्हाय. सगळ्यांनी मला त्यांचं इचारलं. पोरगी कवा नांदंल, म्हैस कुठं गेली. तुला काय व्हतंय रंगू, ह्ये कोनी इचारलं न्हाय. इतकी वर्सं.”

नीला तिच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्या खरखरीत हातावर आपला हात ठेवला. हात गार होता.

“तो तुझा डॉक्टर,” रंगूबाई खालच्या आवाजात म्हणाली, “बायांशी नीट बोलतो का?”

“बोलतात. पुढच्या वेळी जाऊ आपण. मी आहे बरोबर.”

“विशालला न्हाय सांगायचं.”

“नको सांगायला.”

बेल वाजली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. नीलाने जाऊन दार उघडलं. समोर एक अनोळखी तरुण बाई होती, घामाघूम, हातात नारळ आणि खण, पायरीवर चपला काढून उभी.

“मी पलीकडच्या गल्लीतून आलेय,” ती म्हणाली. “अंगात देवी येते त्या बाई इथेच राहतात ना?”

आतून रंगूबाईच बोलली.

“न्हाय गं. इथं देवी कोनाच्याच अंगात येत न्हाय. आमी दोगी बाया हाव नुसत्या.”

त्या बाईने हातातल्या नारळाकडे बघितलं, मग नीलाकडे. तिचा खालचा ओठ थरथरत होता.

“मग मी कुणाला विचारू?”

रंगूबाई दिवाणावर जरा सरकून बसली.

“आत ये,” ती म्हणाली. “काय व्हतंय गं तुला?”